क्षमायाचना विभागाची भरभराट

प्रत्येक माणसात एक तरी गुण असतोच. तो सापडला नाही, तर दोष शोधणाऱ्याचा. हे त्रिकालाबाधित सत्य जपानातल्या त्सुबामे गावच्या थर्मास कारखान्याला एप्रिलमध्ये परिपत्रकाने कळलं. (तोवर तिथे अठ्ठेचाळीस वर्षं नुसतं कामच चालायचं.) यापुढे विभागप्रमुखांनी माणसांचे दोष काढायचे नव्हते, गुण वाढवायचे होते. ज्याच्या हाताखालचा एकही माणूस निर्गुण निघेल, त्या प्रमुखाची बदली होक्काइदोच्या गोदामात.

कुवाबारासाहेबांच्या विभागात माणसं एकवीस. विसांचे गुण दुपारपर्यंत सापडले. (एकाचा 'उंची'.) उरले नेझु. नेझुंनी आजवर झाकणं उलटी बसवली होती, यंत्राचा पट्टा दोनदा बंद पाडला होता आणि ओसाकाचा अख्खा माल ओकिनावाला धाडला होता. साहेबांना होक्काइदोची थंडी आत्ताच गुडघ्यांत जाणवू लागली.

"नेझुसान, आठवून बघा हो. तुम्हाला बरं असं काय जमतं?"

नेझु उठले आणि कमरेत वाकले. "साहेब, माझ्यापायी तुमचा चहा गार झाला. तुमच्यासारख्या माणसावर ही वेळ यावी! चूक सगळी माझी."

साहेबांचे डोळे भरून आले. सव्वीस वर्षांच्या संसारात बायकोने त्यांची अशी माफी मागितली नव्हती. (त्यांनीही तिची मागितली नव्हती, पण तसा रकाना नव्हता.) त्यांनी लिहिलं, 'क्षमायाचना. उत्कृष्ट.'

नेझुंना तक्रारींच्या फोनवर बसवलं. पहिल्याच दिवशी एका आजींना ते म्हणाले, "आजी, चहा नाही सांडला हो, तुमची सकाळ सांडली." आजी रडल्या. चौथ्या दिवशी त्यांच्याकडून तांदळाच्या बिस्किटांची पेटी आली.

पण थर्मास चांगले निघत. महिन्याला तक्रारी दोनच. मुख्य कचेरीने खुलासा मागवला: 'गुणाला वाव का नाही?' साहेबांनी झाकणाचे आटे सैल करायला सांगितले.

"अहो साहेब, गळेल की!" तीस वर्षं झाकणं बसवणारे ओगासावारा ओरडले.

"गळू दे. आपण आता दोषांकडे बघत नाही."

तक्रारी चारशे बारावर गेल्या. साहेबांना बढती मिळाली, नेझुंच्या हाताखाली अकरा माणसं आली. ओगासावारांचा हात काही सैल होईना, म्हणून त्यांनाही फोनवर बसवलं. ते ग्राहकांना सांगू लागले, "रडता काय? आणा इकडे, घट्ट करून देतो." अशाने तेवीस तक्रारी कायमच्या नष्ट झाल्या. त्यांना काढावं लागलं. निरोप द्यायला नेझु गेले. त्यांनी अशी काही माफी मागितली, की नोकरी गेल्याचं ओगासावारांना फाटकाबाहेर पोचल्यावर कळलं.

नव्या वर्षी कारखान्याने ग्राहकांना विचारलं, "न गळणारा थर्मास बदलून देऊ, की नेझुंचा फोन?" शंभरातल्या एक्क्याऐंशींनी फोन मागितला.

हसताय? हसा. पण तुमची मनापासून माफी शेवटची कुणी आणि कधी मागितली, तेवढं आठवून बघा.

हा थर्मास आपल्याकडे अजून मिळत नाही. विचारणार होतात, म्हणून सांगितलं.