भरमूभावजींच्या अंगातला पाव्हणा

आमच्या रामनगरात सगळ्या जगाची अंतरं किलोमीटरात आणि भरमूभावजींची बिडीत. गुंदला माझी नणंद दिलेली. तिच्याकडं पहिल्यांदा एकटी निघाले तेव्हा भावजींना विचारलं, "बसमधनं उतरून किती चालायचं वो?"

"दोन बिड्या. पण चढ हाय वैनी, तिसरी जवळ ठेवा."

आता मी बाईमाणूस, बिडी कुठली ठेवणार! पण गंमत सांगते, माझ्यासोबत उतरलेला एक म्हातारा वाटभर ओढत चालला होता. त्याची दुसरी विझली आणि नणंदेचा कुत्रा भुंकला. तिथनं पुढं मी भावजींचं माप कधी नाकारलं नाही.

भावजी म्हणजे आमचे शेजारी, भिंतीला भिंत. उमेदीत ते जंगलात लाकूडतोडीच्या टोळीवर मेस्त्री होते. रानात घड्याळ कुणाकडं? 'एक बिडी बसा' म्हटलं की टोळी बसायची, बिडी विझली की उठायची. ती सवय गावात आली. भात शिजायला दीड बिडी, न्हाणीचं पाणी तापायला दोन. एका लग्नात तर भटजींचा पहिला मंत्र ऐकूनच म्हणाले, "हा भट पाच बिड्यांचा हाय. चला, तवर भाईर बसू."

बायको गेल्यावर मात्र बिडी विझायची बंदच झाली. एकीवर दुसरी पेटायची. एकुलती लेक रेणू बेळगावास दिलेली. तिला मुलगी झाली, पण पोरीची छाती जन्मापासून नाजूक. जरा धूर लागला की भात्यागत घरघर. माहेरी आणली तर एका रात्रीत पोर निळी पडायची वेळ आली. रेणू सकाळच्या बसनं परत निघाली. जाताना दारात म्हणाली, "बाबा, तुम्ही बिडी सोडलासा तर दिवाळीला येतो. न्हाईतर आमचं येणं न्हाई."

भावजी तडक माझ्या स्वैपाकघरात आले आणि होता नव्हता तेवढा बिड्यांचा कट्टा माझ्या चुलीत टाकला. घरभर ढग! आम्ही सगळे खोकत अंगणात, आणि भावजी दारात उभं राहून नाक वर करून शेवटचा धूर ओढताहेत.

दुसऱ्या दिवसापासून भावजींचं जगच मोडलं. भात एकदा कच्चा, एकदा काळा. स्टँडवर कुणी विचारलं, "नंदिगड्ड्याची गाडी किती वेळात येणार वो?" तर म्हणाले, "मला काय म्हाईत? मी सोडलीय." त्यात सारखे चिडायचे. आमच्या मांजराशी भांडण झालं, चार दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

माझा भाचा बोटीवर होता. तो गोव्यास उतरून आला तेव्हा त्यानं परदेशातल्या वड्या आणल्या. चिंगमसारख्या. बिडी सोडायला तिकडं म्हणे तेच चघळतात. त्यानं भावजींना समजावलं, "हळूहळू चावायची, तिखट लागलं की गालात धरून ठेवायची, मग परत चावायची."

भावजी हसले. "अरं, हे मला शिकवूलालास व्हय? आमची सगळी टोळी तंबाखू अशीच गालात धरत होती!"

आणि मग सुरू झालं ते.

"वैनी, बरं न्हाई."

"काय होतंय? मळमळतंय?"

"थोडं."

"चक्कर?"

"थोडी."

"डोकं?"

"हाय जाग्यावर."

"मग दुखतंय तरी काय?"

"दुखत कायच न्हाई वो. अंगात कोण पाव्हणा आल्यागत होऊलालंय. बसत बी न्हाई, जात बी न्हाई."

गल्लीनं पाव्हण्याला घालवायला कंबर कसली. कुणी ताक पाजलं, कुणी जिरं चारलं, मी मीठमिरची उतरून टाकली. पाव्हणा हलेना. उलट उचक्या लागल्या. मी तांब्या घेऊन धावले, तर भावजींनी हात आडवा केला.

"पाणी नगो. रेणू आठवण काढूलालीय. मधीच कशाला मोडायचं?"

आता ह्याला काय म्हणावं! माणूस गदगदा हलतोय आणि तोंडावर हसू.

शेवटी आमच्या ह्यांनी त्यांना ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. मीही मागनं गेले. अशी करमणूक कोण सोडणार? डॉक्टर धारवाडकडचे. त्यांनी कानडीत विचारलं, "एनागतद?" म्हणजे काय होतंय.

भावजी म्हणाले, "एनो आगतद." म्हणजे कायतरी होतंय.

"एनु?"

"अदे गोत्तिल्ल." तेच तर ठाऊक नाही.

एवढं बोलणं झाल्यावर डॉक्टर आणि भावजी एकमेकांकडं बघत बसले. मग डॉक्टरांनी औषध दाखवायला सांगितलं. भावजींनी खिशातनं वडी काढली, आणि तिच्यापाठोपाठ सवयीनं चुन्याची डबी. अंगठ्यानं वडीला चुना फासला आणि गालात सारली.

डॉक्टर खुर्चीतनं उठले. "चुना लावता?"

"मग? नुसती खायला मी काय जनावर हाय?"

डॉक्टरांनी डबी काढून घेतली. चुन्यानं त्या वडीतल्या तंबाखूच्या अर्काचा जोर वाढतो, आणि हे दिवसभर एकीवर एक चघळत होते, म्हणून हा सगळा गोंधळ, असं त्यांनी सांगितलं. वड्याही कमी करायला लावल्या. पाव्हणा हळूहळू गेला. ओढ मात्र जाईना. स्टँडवर ट्रकवाले बिडी पेटवायचे तेव्हा भावजी हातातली पिशवी छातीशी धरून, मान खाली घालून, पळत घरी यायचे. दिवाळी तोंडावर आली होती.

रेणू आली. पोरीला खांद्यावर घेऊन रिक्षातनं उतरली तशी आम्ही बायका धावलो. भावजी फणसाखाली उभे, दोन्ही हात पाठीमागं. पोर मोठी गोड. सगळ्यांना सोडून तिनं त्यांच्याकडंच हात पसरले. भावजी एक पाऊल मागं सरले.

"घ्या की बाबा!"

"ऱ्हाऊ दे. आधी तू बघ."

त्यांनी हात पुढं केले. लाल झालेले, बोटांची सालं निघालेली. लिंबू झालं, राख झाली, नारळाच्या सोडणानं घासून झालं, असं ते खाली बघत सांगत होते.

"इतक्या वर्सांचा वास हाय गं. गेला काय न्हाई, मला कळंना. एकट्याच्या घरात इचारायचं कुणाला?"

रेणूनं पोर माझ्याकडं दिली. बापाचे दोन्ही हात ओंजळीत घेऊन नाकाशी नेले.

"काय न्हाई, बाबा."

"नीट हुंग," भावजी म्हणाले.