अर्धविरामाची धमकी

“दोन दिवस. फक्त दोन दिवसांत या माणसाला सरळ करतो की नाही बघ!” असं वेलांटीकाकांनी बायकोला सांगितलं, तेव्हा तिच्या तोंडात चार टाचण्या होत्या. म्हणून ती काही बोलली नाही. ही संमती आहे असा काकांचा समज झाला आणि तिथेच सगळं बिघडलं.

वेलांटीकाका एका दैनिकात अठ्ठावीस वर्षं मुद्रितशोधक होते. भल्याभल्या बातमीदारांच्या वेलांट्या त्यांनी पकडल्या, म्हणून हे नाव पडलं. निवृत्तीनंतर ते बायकोच्या शिवणकामाच्या दुकानात बसू लागले. म्हणजे काम ती करायची. हे पावतीपुस्तकातलं ‘ब्लाउझ’ खोडून ‘ब्लाउज’ करायचे.

दुकानासाठी चार महिन्यांपूर्वी नवा फोन नंबर घेतला होता. नंबर नवा, पण आधी कुणाचा तरी वापरून झालेला. त्या कुणीतरी कर्ज घेऊन पोबारा केला होता आणि वसुलीवाल्याचे मेसेज मात्र दुकानाच्या फोनवर येत होते.

“शेवटची सुचना. तूमच्या कडून वसूली साठी माणुस पाठवू. ईज्जत चौकात नीलाम होइल.”

“ब्लॉक करा, नाहीतर तक्रार करा,” बायको टाचण्या काढून म्हणाली. “कर्ज आपलं नाही एवढं कळवा आणि मोकळे व्हा.”

“ब्लॉक? अगं, ब्लॉक केल्याने माणूस सुधारत नाही!”

काकांनी फोन हातात घेतला, चष्मा पुसला आणि उत्तर पाठवलं. ‘सूचना’ दीर्घ. ‘तुमच्याकडून’ जोडून. ‘वसूल’मधला सू दीर्घ, पण ‘वसुली’मधला ऱ्हस्व. नीलाम नव्हे, लिलाव. शिवाय ‘शेवटची’ हा शब्द आपण चौथ्यांदा वापरत आहात, तेव्हा त्याचा अर्थ एकदा तपासून घ्यावा.

आता हा माणूस लाजेने फोन बंद करून हिमालयात जाईल, अशी काकांची खात्री होती. पाच मिनिटांत उत्तर आलं.

“थँक्यू सर. वसूल चा सू मोठा मग वसुली चा छोटा का?”

काका खुर्चीतून उठून उभे राहिले! अठ्ठावीस वर्षांत एकाही बातमीदाराने त्यांना ‘का’ विचारलं नव्हतं. त्यांनी का ते लिहिलं. सविस्तर लिहिलं. मग त्याने शंका विचारली, यांनी निरसन केलं. दुसऱ्या दिवशी नवी धमकी तपासायला आली.

“शुद्धलेखन ठीक,” काकांनी कळवलं, “पण मजकूर मोघम आहे. कोणी, काय, कशासाठी हे पहिल्याच वाक्यात यायला हवं. आरडाओरडा नको. शांतपणे लिहिलं की वाचणारा जास्त घाबरतो.”

तिसऱ्या दिवशी मेसेज बंद झाले. “बघितलंस?” काका म्हणाले. “सरळ झाला!”

चौथ्या दिवशी दुपारी बायकोने मशीन थांबवलं.

दुकानाच्या काचेवर एक काळापांढरा चौकोन चिकटवलेला होता. तो फोनने टिपला की कुणालाही दुकानाच्या गिऱ्हाइकांच्या गटात शिरता येई. कपडे तयार झाल्याची खबर तिथे मिळे. नंबरावरून दुकान शोधून वसुलीवाला तिथून आत शिरला होता आणि एकशे चाळीस गिऱ्हाइकांपुढे त्याने मजकूर टाकला होता.

“नम्र निवेदन. या दुकानाच्या मालकीणबाईंनी घेतलेले कर्ज वारंवार सूचना देऊनही फेडलेले नाही. गिऱ्हाइकांनी आपापले कापड वेळीच परत न्यावे; जप्तीच्या वेळी ते ओळखणे अवघड जाईल.”

बायकोने दोनदा वाचलं. मग शांतपणे विचारलं, “अहो, हा अर्धविराम कुणाचा?”

काकांना एकदम खोकला आला.

संध्याकाळपर्यंत अकरा जणी कापड मागायला आल्या. “एरवी अशा मेसेजकडे आम्ही बघतही नाही, ताई,” एक जण ओशाळून म्हणाली, “पण हे इतकं शुद्ध होतं, की खरंच वाटलं!” शेवटी रुग्णालयाच्या मेट्रनबाईंचा फोन आला. साठ ॲप्रनची ऑर्डर त्यांनी तूर्त थांबवली होती. त्या ऑर्डरच्या भरवशावर बायकोने नवं मशीन सांगून ठेवलं होतं. तिने फोन ठेवला आणि कापलेल्या ॲप्रनच्या गठ्ठ्याकडे बघत राहिली. काकांना त्या क्षणी मेजावरची कात्री फार धारदार वाटली.

सकाळी दोघं ग्राहक मार्गदर्शन केंद्रात गेली. तिथल्या वकीलबाईंनी फोनवरची सगळी देवाणघेवाण वाचली. आधी गंभीरपणे, मग ओठ दाबून, मग चष्मा काढून.

“काका, तुम्ही याला एकवीस मेसेज पाठवलेत. वेलांट्या सांगितल्यात, उकार सांगितलेत, बातमी कशी लिहावी तेही सांगितलंत. कर्ज आमचं नाही, हे कुठे सांगितलंत?”

काकांनी फोन घेतला. वरून खाली पाहिला. खालून वर पाहिला.

“राहिलं,” ते म्हणाले.

“राहिलं!” बायको म्हणाली.

“ताई, तुम्ही निश्चिंत राहा,” वकीलबाई हसू आवरत म्हणाल्या. “कर्ज खरं असतं तरी चारचौघांत असं लिहायचा त्यांना अधिकार नाही. इथे तर कर्ज तुमचं नाहीच. नंबर कधी घेतला ती पावती जोडा आणि कंपनीला लेखी कळवा. जिथे बदनामी केली तिथेच माफी मागायला लावू.”

बायकोने तिथल्या तिथे चार ओळींचा अर्ज लिहिला. काकांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला.

“काका,” वकीलबाई म्हणाल्या, “पेन आत.”

तीन दिवसांनी दुकानाच्या दारात पन्नाशीचा एक घामाघूम गृहस्थ उभा राहिला. हातात हेल्मेट, चेहरा नापास झाल्यासारखा.

“वेलांटीवाले सर आपणच का? मी वसुली. ऱ्हस्व.”

बायकोने टेप खाली ठेवला. तो दोन पावलं मागे सरकला.

“ताई, चूक झाली. कंपनीने झापलंय. आज संध्याकाळपर्यंत गटात माफी टाकली नाही तर नोकरी जाते. धमक्या लिहायची सवय आहे हो, माफी जमत नाही.” त्याने कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, ‘आमची माफी ताबडतोब स्वीकारा, अन्यथा...’

काकांनी बायकोकडे पाहिलं.

“लिहून द्या,” ती म्हणाली. “पण मी सांगते तसं.”

काका लिहायला बसले. कर्जाशी या दुकानाचा काहीही संबंध नाही, हे वाक्य तिने पहिलंच घालायला लावलं. मग ती सांगत गेली आणि काकांची मान खाली जात गेली.

“लिहा. आमच्या आगाऊपणामुळे आपल्याला मनस्ताप झाला. मुद्द्याचं सोडून भलतंच सांगत बसायची आमची जुनी खोड आहे. यापुढे आपण सांगाल ते पहिल्यांदाच ऐकू. आपण बोलत असताना मध्येच शब्द दुरुस्त करणार नाही. पावतीपुस्तकाला हात लावणार नाही.”

“ताई,” वसुलीवाला चाचरत म्हणाला, “हे पावतीपुस्तकाचं कंपनीला कसं लागू होतं?”

“होतं. सही करा.”

त्याने सही केली आणि मजकूर गटात गेला. पाच मिनिटांत मेट्रनबाईंचं उत्तर आलं. “साठ नको, ऐंशी ॲप्रन करा. आणि ही माफी ज्याने लिहिली, त्याला आमच्या ह्यांची शिकवणी घ्यायला सांगा!”

गटात हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. वसुलीवाला सुटलो म्हणत पळाला. बायकोने मशीनवर बसून मजकूर पुन्हा एकदा सावकाश वाचला आणि मग तिलाही हसू फुटलं.

“आवडला ना?” काकांनी हळूच विचारलं.

“आवडला की! लग्नाला सव्वीस वर्षं झाली. पहिल्यांदा माझी माफी मागितलीत, आणि खाली सही दुसऱ्याची!”