इसवी सन चौदाचा दगड

लिंबसर नगरपंचायतीच्या गेल्या जूनमधल्या सर्वसाधारण सभेत एक गंभीर बाब निदर्शनास आली. गावाला इतिहास नव्हता.

बाकी सगळं होतं. पाणी दिवसाआड होतं, वीज लहरीनुसार होती, आणि बारामती व इंदापूर यांच्या मधोमध असल्यामुळे दोन्हीकडून दुर्लक्ष होण्याची सोयही होती. पण शेजारच्या एका गावानं नुकताच आपला द्विशताब्दी सोहळा केला होता. त्या सोहळ्यात आमच्या नगराध्यक्षांना, युवराजदादांना, फेटा बांधून तिसऱ्या रांगेत बसवण्यात आलं होतं. ती तिसरी रांग दादांच्या फार मनाला लागली.

"आपल्याला दोनशेच्या वरचं पायजे," दादा म्हणाले.

त्यावर ठराव क्रमांक सात एकमतानं मंजूर झाला : 'गावास योग्य तो इतिहास उपलब्ध करून घेणे व तदनंतर तो साजरा करणे.' इतिहास समिती नेमण्यात आली. मुख्याधिकारी अश्लेषा मॅडम अध्यक्ष झाल्या. अनय सरांना इतिहासतज्ज्ञ नेमलं. ते शाळेत चित्रकला शिकवतात, पण इतिहासाचा तास रिकामा असला की त्यांनाच पाठवतात. आणि नगरपंचायतीत मराठी टायपिंग येणारा मी एकटाच कनिष्ठ लिपिक असल्यामुळे मी सदस्य-सचिव झालो.

जुन्या वस्तू जमा कराव्यात असं आवाहन आम्ही गावाला केलं. गावानं दळणाची चार जाती, एक गळका बंब आणि बंद पडलेला टीव्ही आणून दिला. समितीनं टीव्ही परत केला.

इतिहास अखेर सापडला तो यष्टीच्या थांब्यावर. तिथं रस्त्याच्या कडेला एक आडवा दगड होता आणि त्या दगडावर मुजफ्फरचाचा बसलेले असायचे. मुजफ्फर मुलाणी, वय एक्क्याऐंशी. उजवा गुडघा गेलेला. घरापासून थांब्यापर्यंत कसेबसे यायचे, दगडावर टेकायचे आणि साडेपाचच्या भिगवण यष्टीची वाट पाहायचे. त्यांची मुलगी शबीना भिगवणला शाळेत शिकवते. ती उतरली की तिच्या खांद्यावर हात ठेवून चाचा घरी जायचे. साडेपाचची यष्टी साडेपाचला आल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही, त्यामुळे बसायला रोज तासभर तरी मिळायचा. शेजारी त्यांचे दोस्त माधवतात्या, यष्टीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, गाडीला उशीर का झाला असेल याची कारणं सांगत बसायचे.

एके दिवशी चाचा तंबाखू झटकायला उठले आणि त्याच क्षणी अनय सरांची नजर दगडावर गेली. दगड बराचसा झिजलेला होता, टवके उडालेले होते. पण मधोमध एक अक्षर आणि दोन आकडे स्पष्ट होते. 'इ', आणि पुढे '१४'.

"इ. १४," सर कुजबुजले. मग ओरडले, "इसवी सन चौदा!"

"न्हाय वो सर," चाचा म्हणाले. "मैलाचा दगड हाय त्यो. इंदापूर चौदा मैल. माझा बाप मैलकुली व्हता ह्या रस्त्यावर."

मैलकुली म्हणजे रस्त्याचा एकेक मैल राखणारा सरकारी माणूस. खड्डे बुजवायचे, खडी ओढायची, झाडांना पाणी घालायचं. चाचांच्या वडिलांनी हा मैल तीस वर्षं राखला. पुढे मैल जाऊन किलोमीटर आले. नवे दगड बसले. जुना टाकून देण्यापेक्षा त्यांनी तो थांब्यापाशी आणून आडवा केला, माणसं उन्हात ताटकळतात म्हणून.

"चाचा, याला काही लेखी पुरावा?" सरांनी विचारलं.

"त्येच्यावर लिवलंय की!"

"ते आम्ही वाचलंच आहे," सर म्हणाले.

माधवतात्यांनी शंका काढली. "पर सर, चौदा सालच्या लोकांस्नी कसं कळलं की इसवी सन सुरू झालाय म्हणून?"

"त्यालाच दूरदृष्टी म्हणतात," असं सरांनी सांगितलं, आणि मी ते इतिवृत्तात घेतलं.

दोन हजार अकरा वर्षं! दादांनी आकडा ऐकला आणि खुर्चीत मागे रेलले. त्यांना ती तिसरी रांग आठवत असावी. सोहळ्याची तारीख दगडावर नव्हती, त्यामुळे ती दादांच्या वाढदिवसाची धरण्यात आली.

प्रश्न चाचांचा होता. ते यष्टीला थांबलेल्या प्रत्येकाला मैलाची गोष्ट सांगत होते. मॅडमनी नियमानुसार त्यांची हरकत नोंदवून घेतली आणि सुनावणी ठेवली. चाचा गुडघा धरत तीन जिने चढून आले. पुरावा म्हणून त्यांनी वडिलांचं सरकारी फावडं आणलं होतं. समितीनं ते बारकाईनं पाहिलं, पोच दिली आणि प्रदर्शनात लावलं : 'प्राचीन शेती अवजार, काळ अंदाजे इ. स. १४.'

"आवो, त्येचा दांडा म्या बदललाय चार वरसामागं," चाचा म्हणाले.

"लोकसहभागातून जतन," मॅडम मला म्हणाल्या. तेही मी लिहिलं.

त्या संध्याकाळी दादांनी सगळ्यांना समजावलं. माणसाला गप्प करायचं असेल तर त्याच्याशी भांडू नये, त्याचा सत्कार करावा. दादांना राजकारणात वीस वर्षं झाली आहेत. गावातले ज्येष्ठतम रहिवासी म्हणून चाचांना गौरवायचं आणि 'शिळारक्षक' ही पदवी द्यायची असं ठरलं. खरं तर चाचांपेक्षा तीन वर्षांनी मोठ्या एक बाई होत्या, पण त्या लेकाकडे बारामतीला राहायला गेल्यामुळे अपात्र ठरल्या.

दादा स्वतः थांब्यावर गेले. मी वही घेऊन मागे होतो.

"चाचा, गाव तुमचा सन्मान करणार. तुम्हाला काय पायजे ते मागा."

"मला काय नगं, दादा. फकस्त ह्यो दगड हाय तितं ऱ्हाऊ द्या. दुसरीकडं कुठं टेकाय जागा न्हाय. साडेपाचच्या गाडीला शबीना येती."

दादांनी दोन्ही हातांत चाचांचा हात घेतला. "शब्द देतो. दगड जागचा हलणार नाही."

हा शब्द दादांनी पाळला, हे मला मुद्दाम नमूद करायचं आहे. दगड जागचा हलला नाही. तो फक्त उभा केला.

सोहळ्याच्या आठ दिवस आधी क्रेन आली. दगड उचलला आणि त्याची इतकी वर्षं मातीत असलेली बाजू वर आली. त्या बाजूला ऊन नाही, पाऊस नाही, माणसं बसलेली नाहीत. अक्षरं नुकती कोरल्यागत स्वच्छ होती : 'बारामती १६'.

चाचा नुसते आमच्याकडे पाहत राहिले. माझ्या मनात चौदा आणि सोळा यांची बेरीज झाली, आणि बारामती ते इंदापूर मैलांत किती हेही आठवलं. पण बेरीज करणं सदस्य-सचिवाच्या कार्यकक्षेत येत नाही.

अनय सरांनी दोन्ही बाजूंवरून हात फिरवला. "म्हणजे आपण चौदा साली. आणि बारामती सोळा साली. दादा, आपण बारामतीपेक्षा दोन वर्षांनी थोरले आहोत!"

लिंबसरात त्या दिवशी जेवढे फटाके वाजले तेवढे दिवाळीतही वाजले नव्हते. बारामतीपेक्षा थोरलं असण्यासाठी माणूस काहीही मानायला तयार होतो. पहिल्या दिवशी शंका काढणारे माधवतात्यासुद्धा संध्याकाळी चाचांना म्हणाले, "मुजफ्फर, मैलाचंच असंल रं. पर दोन वरसं म्हंजी दोन वरसं हायेत."

सोहळा दणक्यात झाला. गावात शिरताना एकवीस फ्लेक्स होते. चाचांचा फोटो सगळ्यांवर होता, खालच्या कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या रांगेनंतर. व्यासपीठावर सत्कारमूर्तींसाठी खुर्ची होती, पण ऐनवेळी एक जास्तीचे पाहुणे आले आणि ते पाहुणे असल्यामुळे त्यांना उभं ठेवता येईना. चाचा तर घरचेच. ते पावणेदोन तास माइकच्या स्टँडला धरून उभे होते. शाल घातली, नारळ दिला. मानपत्रात मी 'दोन हजार अकरा वर्षांच्या परंपरेचे साक्षीदार' असं लिहिलं होतं. ते सूत्रसंचालकानं दोनदा वाचलं.

मग तो म्हणाला, "आता सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत."

मैलकुलीची गोष्ट आता माइकवरून सगळ्या गावाला ऐकू जाणार. दादांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. चाचांनी नारळ दुसऱ्या हातात घेतला आणि माइकमध्ये बरोबर दोन शब्द बोलले.

"बसू द्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडपाच्या मागे उभे असलेले दोन-तीनशे लोक चाचांचा मान राखून खाली बसले. एवढा नम्र सत्कारमूर्ती आपण आयुष्यात पाहिला नाही असं जास्तीचे पाहुणे खुर्चीतून म्हणाले.

आता दगड चौथऱ्यावर आहे. भोवती स्टीलचं कुंपण, कुंपणाला कुलूप, आणि बाजूला लाल बदाम घालून 'आपलं लिंबसर' अशी माणसाच्या उंचीची अक्षरं. दिवे लावल्यावर छान दिसतात. कुंपणावर पाटी आहे : 'या ऐतिहासिक शिळेवर बसणे, टेकणे अथवा रेलणे हा गुन्हा आहे. आदेशावरून, शिळारक्षक मा. श्री. मुजफ्फर मुलाणी.' पाटीचा मजकूर माझा आहे.

चाचांनी बाकड्यासाठी अर्ज केला. अर्ज तत्त्वतः मंजूर झाला. परंतु ऐतिहासिक स्थळापासून शंभर मीटरच्या आत नवीन बांधकाम करता येत नसल्यामुळे बाकडं एकशे एक मीटरवर, ओढ्याच्या पलीकडे बसवण्यात आलं. तिथून यष्टी दिसत नाही. चाचांना तिथवर चालताही येत नाही. बाकडं मात्र चांगलं आहे, त्यावर दादांचं नाव आहे.

चाचा अजून रोज येतात. कुंपणाचा गज धरून उभे राहतात. परवा यष्टी सव्वासहाला आली. शबीना उतरली, वडिलांचा सुजलेला गुडघा पाहून तिथंच रडायला लागली.

"अब्बा, कशापायी उभं ऱ्हाता? म्या काय ल्हान हाय का वाट चुकायला?"

"तू न्हाय गं," चाचा म्हणाले. "पर एवढा मैल राखाया आपल्याकडं हाय न्हवं?"

मला ते ऐकून लाज वाटली. मी खाली मान घातली, आणि नेमकी तेव्हाच पुण्याकडची एक गाडी थांबली. गाडीतली मंडळी बदामापाशी उभी राहिली. फोन धरलेला माणूस अदबीनं म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा ना. फोटोत येताय."

चाचा जमेल तेवढे बाजूला झाले.

तो फोटो तुमच्याकडेही आला असेल, फार फिरला तो. 'बारामतीहून प्राचीन लिंबसर, नक्की भेट द्या.' उजव्या कडेला नीट पाहिलंत तर गज धरलेली चार बोटं दिसतात. तुम्ही त्यावर अंगठा दिलात, दोन ग्रुपांवर पुढेही पाठवलात. चांगलं केलंत, गावाचं नाव झालं. समितीच्या अहवालासाठी फक्त एक माहिती हवी आहे : अंगठा देताना तुम्ही बसलेले होतात ना?