उभ्या प्रवाशाच्या उंचीचा टॉवेल रॉड

माझ्याबद्दल चार शब्द बोलायला दुसरं कोणी तयार नसल्यामुळे ती जबाबदारी मलाच घ्यावी लागते. मी हिरासिंग, नेर तालुक्यातल्या आमच्या बंजारा तांड्याला लाभलेला एकमेव गुप्तहेर. नोकरी एसटीत कंडक्टरची केली. गाडीत चढणाऱ्या माणसाच्या नुसत्या मानेवरून त्याच्याकडे तिकीट नाही हे मी ओळखत असे. (तिकीट मी अजून दिलेलंच नसायचं, पण तो बारीक तपशील झाला.) निवृत्त झाल्यावर ही बुद्धी वाया जाऊ नये म्हणून मी गुन्ह्यांच्या तपासाकडे वळलो. हरवलेली शेळी शोधून काढणं ही माझी पहिली केस. शेळी आमचीच होती आणि आमच्याच अंगणात होती, पण पाहणारे सगळे तिच्याकडे पाहून पुढे गेले. शेळी म्हणून ओळखली ती मी.

तर या श्रावणात आमच्या नव्या बाथरूममध्ये एक भीषण प्रकार घडला.

बाथरूम मागच्या अंगणात नुकतंच बांधलं होतं. फरशा, नळ, पडदा, सगळं झालं, राहिला टॉवेलचा रॉड. तो आणायला मी स्वतः नेरला मारोतीच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मारोतीने एक जाड, वजनदार रॉड पुढे केला. "हा घ्या दादा, घरात मानसं हायेत."

"मारोती, माणसं टॉवेलला लटकतात का टॉवेल माणसांना?" मी विचारलं आणि सगळ्यात चकचकीत आणि सगळ्यात हलका रॉड निवडला.

बसवलाही मीच. ड्रिल मशीन माझ्या मेव्हण्याचं, म्हणजे भारतचं. तो पोलीस भरतीची तयारी करणारा जवान गडी, तिजेच्या सणासाठी मुकुटबनहून आला होता. भिंतीला भोक पाडून, प्लास्टिकची गिट्टी ठोकून, स्क्रू पिळून मी रॉड पक्का केला आणि सगळ्यांना दाखवायला बोलावलं.

माझी मुलगी सोनू कॉलेजच्या सुट्टीत यवतमाळहून आली होती. तिने मान वर करून रॉडकडे पाहिलं. "बाबा, हा टॉवेलचा रॉड हाय का बसमधल्या उभ्या प्रवाशांचा?"

आता नोकरी अंगात मुरते त्याला कोण काय करणार? माझ्या हाताला रॉडची एकच उंची माहीत होती. माझी बायको सत्यभामा टॉवेल खालून फेकायची, तो नेम लागला तर रॉडवर बसायचा. माझी आई, आमची याडी, तर सत्यभामेच्याही खांद्याला लागते. तिने रॉडकडे पाहिलं, पण बोलली काहीच नाही.

बोलायचं तिने तसंही बंद केलं होतं. कारण असं. तिजेला आमच्या तांड्यातल्या मुली दुरड्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात आणि शेवटच्या दिवशी सजून नाचतात. यंदा सोनू आणि तिच्या मैत्रिणी त्या दिवसासाठी फेटिया-कांचळी ही आमची पारंपरिक घागरा-चोळी यवतमाळहून भाड्याने आणणार होत्या. याडीचा स्वतःचा फेटिया, म्हणजे आरसे, कवड्या आणि जुनी नाणी जडवलेला तो भारी घागरा, ट्रंकेत पडून होता. 'भाड्याने' हा शब्द ऐकला आणि याडी ताटावरून उठली. तेव्हापासून घरात आजी आणि नात एकमेकींकडे बघेनात. सत्यभामेला त्याचा घोर लागला होता. माझ्या मते तो घरगुती मामला होता, गुप्तहेराने त्यात वेळ घालवू नये.

आणि मग गुन्हा घडला. दुपारी मी आणि भारत ओसरीवर चहा पीत होतो. मागून आधी 'छन्न' असा आवाज आला, मग 'धाड'. धावत गेलो तर रॉड जमिनीवर, भिंतीला दोन खड्डे आणि फरशीवर लाल पाणी.

"रक्त!" मी म्हणालो.

सत्यभामेने वाकून पाहिलं. "रंग हाय तो."

"रक्ताला रंगच असतो." मी हवा हुंगली. कडसर, फेसकट वास. विष! शिवाय कोपऱ्यात एक गोल, बोटाच्या पेराएवढा आरसा चमकत होता. तो मी कोणाला दिसू न देता शर्टच्या खिशात टाकला. पुरावा घरच्यांना दाखवायचा नसतो, ते लगेच त्याचा साधा अर्थ काढतात.

अंगणात याडी तांदूळ निवडत बसली होती. तिची ओढणी ओलीचिंब होती आणि तिला धाप लागली होती. वय झालं आता. मी तिला संशयितांतून वगळलं.

"पाहा, आता शेवटचं सांगतो," सत्यभामा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "अजून एकदा पडला तं तिथं खिळा अन् सुतळी. अन् हे मशीन भारत परत घेऊन जाईल."

म्हणजे प्रश्न आता रॉडचा नव्हता, घरातल्या माझ्या शब्दाच्या किमतीचा होता. मी लांब स्क्रू आणले, गिट्ट्या बदलल्या, खड्ड्यांत सिमेंट भरलं. रॉड होता तिथेच, होता त्याच उंचीला बसवला. मागे हटणं माझ्या स्वभावात नाही. मग अंगणात उभं राहून सगळ्या घराला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "आता याला हत्ती जरी लटकला ना, तरी पडणार नाही!"

तपासाची चक्रं फिरू लागली. पहिला संशय भारतवर. पोलीस भरती, दंड कमवायचे, समोर आडवा रॉड. मी त्याला गाठलं. "कबूल कर, तू लटकला होतास."

"जिजाजी, मी तुमच्या संगं चहा पीत होतो ना! तुमी माह्या बशीतला बी पेला."

हे मात्र खरं होतं. दुसरा संशय वानरांवर. खिडकीतून आत, रॉडवर झोका, आरशात तोंड पाहणं, सगळं जुळत होतं. पण खिडकीला जाळी होती आणि ती मीच ठोकली होती, त्यामुळे हा सिद्धांत मला मोठ्या कष्टाने सोडावा लागला. तिसरा मारोती. स्वतःचाच रॉड पाडून पुन्हा रॉड खपवायचा! पण मारोतीचा पाय प्लास्टरमध्ये असल्याचं कळलं. तरीही मी त्याला पूर्ण सोडलेला नाही. शेवटी सगळे दुवे जोडले आणि चित्र स्पष्ट झालं: 'छन्न' वाजणारी नाण्यांची थैली घेतलेला, जखमी, विषारी वासाचा एक इसम कोपऱ्यांमागे पाहायला हातात आरसा घेऊन आमच्या बाथरूममध्ये येतो आणि रॉड पाडून निघून जातो. कशासाठी, एवढंच शोधायचं राहिलं होतं.

मी सापळा लावला. दुपारी जेवण झाल्यावर कोणालाही न सांगता बाथरूममध्ये गेलो आणि पडद्यामागे स्टूल टाकून, भिंतीला टेकून बसलो. रॉड बरोबर डोक्यावर. बाहेर श्रावणाची रिपरिप, आत गारवा, पोटात वरणभात. डोळा कसा लागला ते मला सांगता येणार नाही, कारण मी झोपलो होतो.

छन्न! धाड!

रॉड खांद्यावर, पडदा मानेवर आणि त्यावरून काहीतरी थंड, ओलं, ओल्या कापसाच्या गाठोड्याएवढं जड माझ्या डोक्यावर कोसळलं. अंधार. तोंडावरून लाल पाणी ओघळू लागलं. "मेलो! रक्त! पकडा त्याला!" मी ओरडलो.

धावपळ झाली. कोणीतरी ते ओझं माझ्यावरून उचललं. पाहतो तर सोनू समोर उभी आणि तिच्या दोन्ही हातांत याडीचा फेटिया, पाणी गळणारा. दारात सत्यभामा, भारत. आणि कोपऱ्यात भिंतीला चिकटून याडी, हात रिठ्याच्या फेसाने भरलेले.

"आरोपी फेटिया पांघरून आला होता," मी सांगितलं.

"तुमी चूप बसा," सत्यभामा म्हणाली. तिला एका नजरेत सगळं समजलं होतं. "याडी, हा इथं काहून टाकला? मले सांगतलं असतं."

याडी पायाकडे पाहत म्हणाली, "बाहेर पाऊस. अन् सगळ्यायले दिसलं असतं. ट्रंकेत राहून वास धरला होता, म्हनलं धुऊन ठेवावा. पोट्टी मागन तं देता यीन, नाई मागन तं नाई." मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच जरा रागाने, "अन् हिरा, तू तं म्हनला का हत्ती लटकला तरी पडत नाई! म्हनून दुसऱ्यांदा फेकला."

साऱ्या घरात माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारं माणूस एकच निघालं, आणि तेच आरोपी. मला भारी वाईट वाटलं.

सोनू फेटिया छातीशी धरून उभी होती. तिचा ड्रेस भिजून लाल होत होता. "दादी, मी काहून मागू? लहानपनी एक कवडी तोडली होती तं तू मले किती बोलली! मले वाटलं, तू याले हात लावू देनार नाई."

"तवा तू कवडी गिळून राह्यली होती," याडी म्हणाली. "मंग बोलू नाई तं काय करू?"

सोनू हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. याडीने फेसाचे हात तसेच तिच्या तोंडावरून फिरवले. भारतने मशीन उचललं, नेरहून मारोतीचा तो जाड रॉड आणला आणि सत्यभामेने बोट ठेवलं तिथे बसवला. ते बोट याडीच्या खांद्याच्या उंचीवर होतं. फेटिया त्यावर वाळला. आमचे टॉवेल तेव्हापासून दारावर टाकलेले असतात.

तिजेच्या दिवशी सोनू फेटिया घालून ओसरीवर आली. याडीने तिला गोल फिरवलं, बोटांनी काठ चाचपला आणि एका जागी थांबली. तिथे एक आरसा नव्हता. याडीने काही न विचारता माझ्यापुढे हात पसरला. मी खिशातून पुरावा काढून तिच्या तळहातावर ठेवला. ती सुईदोरा घेऊन नातीच्या पायाशी बसली आणि तिने तो आरसा परत जागेवर शिवला.

मुली नाचू लागल्या. सोनूने पहिली गिरकी घेतली आणि सगळा फेटिया वाजला, छन्न!

"आयकलं?" सत्यभामा माझ्या कानाशी म्हणाली. "हाच आवाज होता."

"मी पहिल्याच दिवशी ओळखला होता," मी म्हणालो. बाजूला याडी टाळ्या वाजवत गात होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण त्याचंही कारण मी तिथल्या तिथे शोधून काढलं: फेटियात राहिलेला रिठा.