माणिकरावांची देग

आमच्या प्रयोगशाळेतले माणिकराव घरी लोणच्याच्या बरणीलासुद्धा हात लावायचे नाहीत. बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा वहिनींनी बांधलेला, तेव्हा सोडायचा तो वहिनींनीच. एकदा वहिनी बाळंतपणाला परभणीला गेल्या. माणिकरावांनी तीन महिने बरणीकडे बघत बघत कोरडा वरणभात गिळला. शेजारीण दादरा सोडायला आली, तर तिच्यावरच डोळे वटारले. "नक्को! बांधणारी येऊ दे."

हे खूळ त्यांच्या डोक्यात देगेने घातलं. देग म्हणजे बिर्याणीची नव्हे. कमरेएवढं तांब्याचं भांडं, वर आठ चाव्यांनी आवळलेलं झाकण, दाब दाखवणारा काटा. आत कोंडलेल्या वाफेत आमचं काचसामान निर्जंतुक व्हायचं. साहेब लोक त्याला ऑटोक्लेव्ह म्हणत, आम्ही हैदराबादी लोक देग.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी दुसऱ्या कुणीतरी लावलेली देग माणिकराव काटा न बघता उघडायला गेले. शेजारच्या टेबलावरच्या गफूरमियाँनी मागून काष्टा धरून ओढलं. काष्टा मियाँच्या हातात राहिला, माणिकराव जमिनीवर, आणि झाकण छपराबाहेर. माणिकरावांच्या म्हणण्याप्रमाणे ते मुशी नदीपलीकडे पडलं, माझ्या मते मुशीतच. तिथली एक म्हैस त्या दिवसापासून आटली, यावर मात्र आमचं एकमत आहे.

तेव्हापासून दोघांनी देगेला पाटी टांगली. जो लावील त्याने पाटीवर नाव लिहायचं. काटा खाली येईपर्यंत जबाबदारी त्याची, उघडायची त्यानेच, नाव पुसायचं तेही त्यानेच. निजामाच्या अमलात एक नवाबसाहेब अधिकारी आले आणि "खोलो, देखेंगे" म्हणाले. माणिकराव म्हणाले, "हुजूर, आधी काटा पाहा, मग बोला!" नवाबसाहेब शेरवानीत पाऊण तास घामाघूम उभे राहिले. माझ्यासमोर ते शेरभर तरी घटले.

मग पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं. आदल्या दिवशी देग गफूरमियाँनी लावली होती. गोंधळात प्रयोगशाळा बंद पडली. आठवड्याने उघडली तेव्हा सगळे आले, मियाँ आले नाहीत. त्यांच्या घराला कुलूप होतं. कुणी म्हणे बिदरला गेले, कुणी म्हणे थेट कराचीला. पाटीवर नाव तसंच होतं.

तीन महिने माणिकरावांनी देगेला कुणाला शिवू दिलं नाही. लहान भांड्यावर काम रेटलं. तेवढ्यात नवे साहेब मद्रासकडून बदलून आले. त्यांनी हुकूम काढला, की बिनरजेचे गैरहजर लोक पहिल्या तारखेला कमी होतील, आणि देग आजच चालू व्हावी.

माणिकराव हात पसरून देगेला पाठ लावून उभे.

"कोई भी खोलो," साहेब म्हणाले.

"कोई भी नाही साहेब. गफूरमियाँ खोलेंगे."

"वो आदमी चला गया!"

"कुठं लिहिलंय? पाटीवर तर आहेत."

"अब हुकूमत बदल गयी है, माणिकराव!"

"हुकूमत बदलली. वाफ बदलली नाही."

साहेब लालबुंद झाले. मला वाटलं, आता यांचंच झाकण उडणार. "शाम तक देग खोलो, नहीं तो तुम भी घर जाओ!" असं बजावून ते आपल्या खोलीत गेले.

मी माणिकरावांना बाजूला घेतलं. "अहो, काटा तीन महिने शून्यावर आहे. कसली वाफ?"

"काटा मलाही दिसतो, वामनराव." पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "मी उघडली, की पाटीवरचं नाव मला पुसावं लागेल. मग तो येणार नाही, असं मीच लिहून दिल्यासारखं होईल. साहेब काय, कुणाचंही नाव पुसतील. मी कसं पुसू?"

मग ते टेबलाशी बसले आणि त्यांनी झरझर एक अर्ज लिहिला. साहेबांपुढे ठेवला तेव्हा मी मागेच उभा होतो. 'माझी वीस वर्षांची साठलेली सगळी रजा गफूरमियाँच्या नावे लावावी. ते गैरहजर नसून रजेवर आहेत.'

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "ऐसा कोई नियम नहीं है."

"नियम नाही, म्हणून तर अर्ज, साहेब. नियम असता तर नुसती सही मागितली असती."

साहेबांनी अर्ज खणात ठेवला. मंजूर म्हणाले नाहीत, नामंजूरही नाही. पण पहिल्या तारखेला मियाँचं नाव कमी झालं नाही. हजेरीत त्यांच्यापुढे 'रजा' लागली आणि महिन्यामागून महिने लागत गेली. गोदामातून आमच्यासाठी दुसरी देग आली, जुनी पाटीसकट तशीच बंद राहिली.

पुढच्या वैशाखात माणिकरावांच्या मुलीचं लग्न झालं. मंगलाष्टकं संपताच वधूपिता मुंडावळ्यांतल्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सायकलवर बसला आणि थेट प्रयोगशाळेत आला. खांद्यावर अक्षता, पायांत नवे जोडे. मी म्हणालो, "अहो, आज तरी घरी थांबायचं!"

"कसा थांबू?" माणिकराव हजेरीवर सही करत म्हणाले, "माझी रजा संपलीय."