वाघसाहेब टीव्हीत आडवे पडले

एका जंगलात वीज होती. कुठून आली होती ते विचारायचं नाही, पोरांनो. तारेवर आकडा टाकलेला असला की गोष्टीतसुद्धा गप्प बसावं.

त्या जंगलात लखू मुंगूस राहायचा. राहायचा म्हणजे काय, नागोबाच्या वारुळात पोटभाडेकरू होता. मुंगूस नागाचा भाडेकरू! हसू नका. जागेची टंचाई काय असते ते तुम्हाला अजून कळायचंय. लखू, त्याची बायको रखमा आणि तीन पिल्लं, सगळी एका बोळात. त्यात नागोबानं सांगून टाकलेलं, "पंचमीला माझ्याकडे पाहुणे यायचेत. त्याआधी जागा खाली करा."

लखूकडे होतं काय? एक टीव्ही आणि एक डीव्हीडी रेकॉर्डर. शिकाऱ्यांचा बंगला ओस पडला तेव्हा बाकीच्यांनी गाद्या, पलंग, हंडे पळवले. लखूच्या वाट्याला ही डबडी आली. सोबत माहितीचं पुस्तक. अर्धं वाळवीनं खाल्लं, अर्धं लखूनं वाचलं. त्यामुळं सगळं जंगल त्याला 'इंजिनेर' म्हणायचं.

एक दिवस कोल्हा आला. कोल्हा म्हणजे वाघसाहेबांचा पीए. गळ्यात ओळखपत्र, काखेत फाईल, फाईलमध्ये काही नाही.

"लख्या, साहेबांचा वाढदिवस आलाय. टीव्हीवर साहेबांचे फोटो दाखवायचे. गाण्यासकट. जमलं तर नदीकाठचं बीळ तुझ्या नावावर. साहेबांच्या सहीनं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर काय... साहेबांची सकाळची न्याहारी हलकीच असते. तुझ्याएवढी."

लखू कामाला लागला. कोल्ह्यानं आणून दिलेल्या कॅमेऱ्यानं साहेबांचे चाळीस फोटो काढले. साहेब उभे राहिले, म्हणून लखूनंही कॅमेरा उभा धरला. साहेब उभे आणि कॅमेरा आडवा, बरं दिसतं का ते? फोटो सीडीत भरून आणले. कुठून, तेही विचारायचं नाही.

वाढदिवसाला अख्खं जंगल माळावर जमलं. पुढं साहेब. साहेबांशेजारी कोल्हा. मागं हत्ती, म्हणजे त्याच्या मागच्यांना काहीच दिसेना. पण हत्तीला कोण बोलणार?

अस्वलानं गाण्यांची सीडी आणून दिली. कोल्हा म्हणाला, "दोन्ही एकदम लाव."

"भाऊ, ट्रेमध्ये एकच बसते."

"मग सीडीला मधे भोक कशाला दिलंय? ओवून टाक की एकावर एक!"

"अडकेल, भाऊ. आधी गाणी लावतो, मग फोटो."

लखूनं गाण्यांची सीडी घातली. पडदा निळा झाला. त्यावर गाण्यांची यादी आली. गाणं वाजायला लागलं. जंगलातल्या कुणी टीव्ही कधी पाहिलेला नव्हता. सगळे त्या यादीकडेच हात जोडून बघत बसले. रानडुकराला तर पाचवी ओळ फारच आवडली.

तीन गाणी झाल्यावर कोल्हा खेकसला, "यात साहेब कुठायत?"

"ही गाण्यांची आहे, भाऊ. यात साहेब नाहीत."

"साहेब नाहीत अशी सीडी तू लावलीसच कशी?"

वाघसाहेबांनी नुसती जांभई दिली. जांभईत सगळे दात दिसले. लखूनं सीडी बदलली.

पहिला फोटो आला.

साहेब आडवे! डोकं डावीकडे, पाय उजवीकडे. जसं काही कुणी साहेबांना पाडलंय आणि उचलायला विसरलंय. कॅमेरा उभा धरला की फोटो टीव्हीत झोपतो, हे लखूला आत्ता आठवलं. पण फोटो फिरवायचं बटण रिमोटवर असतं, हेही आठवलं. वाचलेल्या अर्ध्यातच होतं ते.

फक्त रिमोट कोल्ह्याच्या बुडाखाली होता. साहेबांचा कार्यक्रम म्हटल्यावर रिमोट पीएकडेच हवा. त्याला त्यातलं 'चालू' आणि 'थांब' एवढंच यायचं, पण मान मोठा.

"भाऊ," लखू कानाशी कुजबुजला, "जरा रिमोट द्या. एक बटण दाबलं की साहेब सरळ होतील."

"म्हणजे साहेब वाकडे आहेत म्हणतोस?"

"तसं नाही..."

"मोठ्यानं बोल की. ऐकू दे साहेबांना."

कोल्हा उठून उभा राहिला. "मंडळी! साहेब आडवे नाहीत. तुमच्या माना उभ्या आहेत! शिस्त म्हणून काही आहे का नाही?"

झालं! सगळ्यांनी माना डावीकडे टाकल्या. सांबराचं शिंग गव्याच्या नाकात गेलं. हत्ती कलला तो चार सशांवर बसला. सापाला विचार पडला की आपली मान नेमकी कुठून कुठपर्यंत. घुबडानं तर मान अशी काही फिरवली की त्याला तिथंच उत्सव समितीचा अध्यक्ष केला. खुद्द साहेबांनीही मान कलती केली आणि म्हणाले, "अरे वा. उभा आलोय की मी!"

चाळीस फोटो झाले. साहेब म्हणाले, "परत." परत चाळीस. असं नऊ वेळा झालं. सगळ्यांच्या माना तशाच आखडून बसल्या. सरळ राहिली ती एकट्या लखूची. भीतीनं ती हलतच नव्हती.

शेवटचा फोटो साहेबांना फार आवडला. पाय दगडावर, नजर लांब. कोल्ह्यानं तो थांबवून ठेवला आणि हार आणायला गेला. रिमोट राहिला दगडावर.

लखूला राहवलं नाही. इंजिनेर ना! त्यानं बटण दाबलं.

फोटो फिरला. साहेब सरळ झाले. झकास!

"अयाई गं! साहेब पडले!" नीलगाय किंचाळली.

वाकड्या मानांना सरळ साहेब आडवे दिसत होते. सगळ्या जंगलानं लखूच्या हातातल्या रिमोटकडे बघितलं.

"लख्या," वाघसाहेब अगदी हळू म्हणाले, "मला पाडलंस?"

लखूला पंजा दिसला. पंजाच्या पुढं नखं दिसली. घाबरून त्यानं पुन्हा बटण दाबलं.

"मेलो! साहेबांचं डोकं खाली झालं!"

हार घेऊन धावत आलेला कोल्हा कसला हुशार! "शीर्षासन!" तो ओरडला. "साहेब रोज करतात! टाळ्या!" टाळ्या पडल्या. साहेबांनी आयुष्यात शीर्षासन केलं नव्हतं, पण तेही हसले.

लखूनं तिसऱ्यांदा दाबलं. साहेब दुसऱ्या कुशीवर पडले. बायका रडायला लागल्या. लखूनं डोळे मिटले, आणि चौथ्यांदा दाबलं.

"उठले! साहेब उठले!"

फोटो होता तिथंच आला होता. आडवाच्या आडवा. पण माळावर काय जल्लोष! ढोल काय, गुलाल काय! 'पडलेल्या साहेबांना उभं करणारा लखू' म्हणून साहेबांसाठी आणलेला हार लखूच्या गळ्यात पडला. हत्तीनं त्याला सोंडेवर घेऊन नाचवलं.

साहेबांनी बिळाचा कागद पुढं केला. लखूनं हात लावला, पण साहेब सोडेनात.

"एक सांग. सगळ्यांच्या माना अशा, तुझीच सरळ कशी? माझ्याकडे बघतानासुद्धा?"

लखूनं कागदाकडे बघितलं. सही झालेली होती. त्याला नागोबा आठवला, बोळात एकमेकांवर झोपणारी तीन पिल्लं आठवली. त्यानं कडाकन मान डावीकडे टाकली.

"आता कसा दिसतो मी?"

"उभे, साहेब. एकदम ताठ."

साहेबांनी कागद सोडला.

घरी आल्यावर रखमा दचकली. "अगं बाई! अहो, मानेला काय झालं?"

"काही नाही. नदीकाठचं बीळ मिळालं. सामान बांध."

"ते बांधते हो, पण मान?"

"तू पण घे वाकडी करून. आणि पिल्लांच्याही आजच वळव. कोवळ्या आहेत तोवर दुखत नाही."

तात्पर्य : साहेबाला सरळ करायला जाऊ नये. चुकून झालाच, तर घाबरून थांबू नये, बटण दाबतच राहावं. फिरून फिरून साहेब पुन्हा आडवा होतोच, आणि उभा केल्याचं नाव आपलं होतं.