छताला टेकू

सासऱ्यांच्या तोंडून एकदा तरी ‘वा’ काढायचं, हे मी लग्नाच्या दिवशीच ठरवलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. सासरे जुने सुतार. मी ठोकलेला खिळा दिसला की जवळ जातात, चष्मा पुसतात आणि काही न बोलता परत येतात.

म्हणून यंदा मी थेट छताला हात घातला. हॉलमध्ये चार तुळया, निव्वळ शोभेच्या. प्लायच्या तीन फळ्या जोडून पोकळ खोकं करायचं आणि छतावरच्या पट्टीला सहा स्क्रूंनी बसवायचं. रंग असा दिला की सागवानानेही लाजावं. शेवटच्या तुळईला शिडी डगमगायला लागली, म्हणून दोनच स्क्रू मारले. वर चढून कोण मोजतंय?

सासरे आले. मान वर करून बराच वेळ बघत राहिले.

“भरीव आहेत?”

इथे ‘नाही’ म्हणायला हवं होतं. पण आज त्यांनी चष्मा पुसला नव्हता हो!

“अस्सल सागवान, बाबा.”

“चढवल्या कशा?”

“ताकदीने.”

बायकोला अचानक ठसका लागला. जावई खोटं बोलेल, हे सासऱ्यांच्या मनातही आलं नाही. त्यांचा चेहराच उतरला.

“एकेक पन्नास किलोला मरण नाही. हे छत पेलायचं नाही, जावईबापू. नातीला घेऊन आत व्हा.”

तासाभरात आमचं बिऱ्हाड स्वयंपाकघरात होतं. मुलगी ओट्याखाली गृहपाठ करत होती, आणि सासरे कुठूनसे चार वासे आणून हॉलमध्ये टेकू लावत होते.

“सांगून टाका,” बायको म्हणाली.

“चहा झाला की सांगतो.”

चहा दोनदा झाला. मग मी हिय्या करून हॉलमध्ये गेलो. सासरे चौथा टेकू खालून ठोकत होते. त्या दणक्याने दोन स्क्रूवाली तुळई सुटली आणि नेमकी माझ्या डोक्यावर आली.

“सरका!” सासऱ्यांनी मला ढकललं, आणि सत्तरीच्या त्या माणसाने तुळई स्वतः झेलली. डोळे मिटून, दातओठ खाऊन. मग त्यांनी एक डोळा उघडला. मग एक हात काढून घेतला.

मला भरून आलं. माझ्यासाठी हा माणूस पन्नास किलोंखाली उभा राहिला होता.

“चुकलो, बाबा. पोकळ आहेत.”

त्यांनी चष्मा पुसला. तुळईच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

“हा जोड... वा. रेघसुद्धा दिसत नाही.”

अकरा वर्षं! मी वाकून नमस्कार करणार, एवढ्यात आतून बायको म्हणाली, “तो माझा आहे, बाबा. हे तेव्हा शिडीशी भांडत होते.”

सासऱ्यांनी समाधानाने मान डोलावली. मग पट्टीतली रिकामी भोकं पाहिली आणि चार स्क्रू मोजून माझ्या हातावर ठेवले.

“चढा. शिडी मी धरतो.”